अर्धं वाचलं

आमच्या घरात एक जुनी चोपडी आहे. लाल कापडी बांधणीची, हिशेबाची. अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, त्या दुकानासाठी ती आणलेली. पहिल्या आठ पानांवर अब्बांचं अक्षर आहे : गिऱ्हाइकाचं नाव, उंची, छाती, कंबर, बाही, आगाऊ किती, बाकी किती. नवव्या पानापासून आमचं अक्षर सुरू होतं. तिथंही रकाने आहेतच. पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, वाचणाऱ्याचं नाव आणि शेवटी मोठा रकाना : मत.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं. थोरली, तिला आम्ही आपा म्हणतो. मग मधला, मग धाकटा. गाव बार्शीच्या वाटेवरचं. हा लेखही आम्ही तिघांनी मिळून लिहिला आहे. कागदावर उतरवण्याचं काम एकाकडे असलं तरी आठवणी तिघांच्या आहेत, आणि काही ठिकाणी भांडणं झाली तीही तिघांची. म्हणून ‘मी’ न लिहिता ‘आम्ही’च लिहितो. एका ठिकाणी मात्र हे ‘आम्ही’ आम्हाला टिकवता आलं नाही. ते पुढं येईल.

गावात वाचनालय होतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं ज्यांना सरकारी अनुदान मिळू लागलं त्यांतलं, ‘क’ वर्गाचं. दोन कपाटं बालविभागाची, बाकी कादंबऱ्या आणि धार्मिक पोथ्या. अब्बा चौथी शिकलेले. पण पोरांनी वाचावं ही त्यांची हौस होती. १९८१ साली दहा रुपये अनामत भरून त्यांनी आपल्या नावानं वर्गणी लावली. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं आणि ते आठ दिवसांत परत करायचं. वाचणारे तीन. त्यातून मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा आपानंच नियम केला : प्रत्येकानं वाचायचं, चोपडीत मत लिहायचं आणि दुसऱ्याचं मत बघून आपलं लिहायचं नाही. मत लिहिल्याशिवाय पुढच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. आपा तेव्हा अकरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटा सहाचा. धाकट्याची सुरुवातीची मतं आपाच लिहायची आणि तो खाली अंगठा उठवायचा. दुकानातल्या निळ्या खडूचा तो अंगठा अजून दिसतो.

पहिली नोंद फास्टर फेणेची. भा. रा. भागवतांच्या या पोरानं आम्हाला वेडं केलं. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर उंडारणारा, संकटाच्या तोंडात स्वतःहून जाणारा. आमच्या घरी अब्बांची चोवीस इंची सायकल. तिच्या दांड्याखालून पाय घालून आम्ही ती चालवायला शिकलो ते या पुस्तकांमुळे. मधल्याचं मत असं : “लई भारी. फुरसुंगी कुठं आहे ते अब्बांना विचारणे.” धाकट्याचं : “मला पण असं नाव पाहिजे.” आणि आपाचं : “पुस्तक चांगले आहे. पण सायकल मुलीला दिली असती तर पुस्तक बिघडले असते काय?”

आज वाचताना हसू येतं, पण आपा तेव्हा सायकल शिकली नव्हती. दुपारी गल्ली सामसूम असताना आम्ही दोघं पुढंमागं राखण करायचो आणि ती शिकायची. दोनदा पडली. तिसऱ्यांदा शेजारच्या खालांनी पाहिलं आणि ते शिक्षण तिथंच संपलं.

‘श्यामची आई’ आमच्या घरात वाचली गेली नाही, ऐकली गेली. अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं. कुरआन शरीफ ती रोज पढायची, उर्दू अडखळत वाचायची. संध्याकाळी दुकानातले काज-बटणाचे कपडे घेऊन ती कंदिलापाशी बसायची आणि आपा मोठ्यानं वाचायची. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात एकेक रात्र एकेक गोष्ट, अशा बेचाळीस रात्री. आमच्याकडेही ते रात्रीच चालायचं. स्वयंपाक उरकला की अम्मीच विचारायची, “आगे श्याम का क्या हुआ गे?”

श्यामला पोहायला जायची भीती वाटते म्हणून आई त्याला शिमटीनं मारते, तिथं आम्हाला आईचा राग आला. अम्मी म्हणाली, “मारी सो अच्छा करी.” कर्जाच्या वसुलीला माणूस दारात येऊन नाही नाही ते बोलतो, ती गोष्ट ऐकताना मात्र अम्मीची सुई थांबली. त्या वर्षी कपड्याच्या ठोक व्यापाऱ्याची बाकी आमच्यावर होती आणि त्याचाही माणूस असाच दारात येऊन बसायचा. अम्मीनं पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. फक्त म्हणाली, “बामनां के घर में बी ऐसाच रहता क्या?” तिला वाटायचं, कर्ज आपल्यासारख्यांनाच असतं. चोपडीत त्या पुस्तकापुढं चार मतं आहेत. चौथं अम्मीचं. आपानं लिहून घेतलेलं : “ये औरत को मैं पैचानती.”

या पुस्तकानं आणखी एक गोष्ट केली, जी आम्हाला फार उशिरा कळली. सोवळं, मुंज, संध्या, नैवेद्य, श्रावणातले उपवास हे सगळं आम्ही पुस्तकातून शिकलो. गोष्टीत अडलं की वर्गातल्या मित्रांना विचारायचं, मग पुढं वाचायचं. आम्हाला त्यांच्या घरातलं माजघर माहीत झालं, देवघर माहीत झालं, कोणत्या सणाला काय करतात ते पाठ झालं. त्यांना मात्र आमच्याकडचं काही विचारावं लागलं नाही, कारण ते कुठल्या गोष्टीत आलंच नाही. सातवीत असताना मधल्याच्या जवळच्या मित्रानं त्याला विचारलं, “तुम्ही लोक रोज्यात महिनाभर पाणीच पीत नाही ना?” त्याला वाटत होतं, रात्रीसुद्धा नाही. तो मुलगा दुष्ट नव्हता. आमच्या घरी शीरखुर्मा खायला दर ईदला यायचा. खुर्मा त्याला ठाऊक होता, त्याच्या आधीचे तीस दिवस ठाऊक नव्हते. ते त्याला कोण सांगणार? आम्हाला श्यामनं त्याचं घर दाखवलं होतं. आमच्या घराचा श्याम त्या दोन कपाटांत नव्हता.

याच साने गुरुजींनी पैगंबरसाहेबांचं चरित्र आणि इस्लामचा इतिहास मराठीत लिहून ठेवला आहे, ‘इस्लामी संस्कृति’ या नावानं. हे आम्हाला कळलं ते मधल्याची नोकरी लागल्यावर. गुरुजींच्या जयंतीला शाळेत आम्ही दरवर्षी भाषणं केली, बक्षिसं घेतली, पण या पुस्तकाचं नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. वर्गातल्या त्या मित्राच्या हाती ते तेव्हा पडलं असतं तर रोज्याचा प्रश्न त्यानं निराळा विचारला असता, एवढं नक्की.

‘आपल्या’ लोकांचं पुस्तक म्हणून आम्ही मोठ्या आशेनं आणलं ते अरबी सुरस गोष्टींचं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत आणायला घेतलेल्या त्या गोष्टी पुढं कितीतरी लहान-मोठ्या आवृत्त्यांतून मुलांपर्यंत आल्या. आमच्या वाचनालयातली आवृत्ती पातळ होती, पहिली काही पानं फाटलेली. तरी त्यात हसन होता, अली होता, खलिफा हारून अल-रशीद वेष बदलून रात्री हिंडत होता. आम्ही हरखून गेलो. चार दिवस आम्ही बगदादचे होतो. धाकटा शाळेत सांगून आला की आमचे पूर्वज बगदादचे. अब्बांच्या कानावर ते गेलं. मशीन थांबवून ते म्हणाले, “अपन बगदाद के नै रे, बार्शी के. मेरा बाप यां की सूतगिरनी में था.”

चोपडीत आपाचं मत आहे : “नावे आपली आहेत. बाकी काही आपले नाही. इथे कोणी कपडे शिवत नाही.” तिला म्हणायचं होतं ते आता नीट समजतं. शेख, मुलाणी, तांबोळी, बागवान, आतार, मणेर यांतलं कोणीच तिथं नव्हतं. पुस्तकात मुसलमान असायचे ते एक तर राजवाड्यात नाही तर दिव्यात. आठवडी बाजारात पालं ठोकून बसणारे, मराठीत भाव करणारे आणि घरात दखनी बोलणारे असे कुठंच नव्हते.

रहस्यकथांच्या बाबतीत मात्र असली काही अडचण नव्हती. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड आम्ही अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. उन्हाळ्याच्या सुट्टीत बीडहून मामू यायचे. ते उर्दू शाळेत शिकलेले. त्यांच्या पिशवीत इब्ने सफींच्या इमरानच्या कादंबऱ्या असायच्या. मामूंना मराठी वाचता येत नव्हतं, आम्हाला उर्दू येत नव्हतं. मग रात्री धाब्यावर अंथरुणं टाकली की सौदा व्हायचा. एक प्रकरण झुंजारचं आम्ही सांगायचं, एक इमरानचं मामूंनी. कधी दोघांची गल्लत व्हायची आणि मुंबईत सुरू झालेली गोष्ट इमरान संपवायचा. मधल्याचं मत : “इमरान जास्त हुशार आहे. झुंजार जास्त देखणा आहे.” इब्ने सफी अलाहाबादकडचे, १९५२ साली पाकिस्तानात गेलेले, १९८० मध्ये वारलेले. हे मामू एखाद्या नातेवाइकाची बातमी सांगावी तसं सांगायचे. धाब्यावरच्या त्या रात्री कोण कुठल्या भाषेतला, कुठल्या देशातला, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. खून कोणी केला एवढाच प्रश्न असायचा.

ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे आम्ही आलो ते १९८४च्या आसपास. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ मधल्यानं आठ दिवसांत पुरी केली. शिवाजी महाराजांबद्दल आमच्या मनात जे आहे ते कोणी आम्हाला शिकवायला नको. दिवाळीत गल्लीतल्या किल्ल्याची माती कालवण्यात आम्ही पुढं असायचो. किल्ला झाला की नाटक व्हायचं आणि नाटकात आमची भूमिका न मागता ठरलेली असायची. “खान तुम्हीच व्हायचं, तुम्हाला जमतं.” धाकटा अफझलखान व्हायचा आणि इतका झकास मरायचा की त्याला दोन-दोनदा मरायला लावायचे. त्याला त्यात गंमतच वाटायची. मधल्याला वाटेनाशी झाली. वर्गात इतिहासाचा तो धडा आला की पुढच्या बाकांवरची मुलं मागं वळून आमच्याकडे बघायची. कोणी काही बोलायचं नाही. नुसतं बघायचं आणि परत पुढं वळायचं.

‘श्रीमान योगी’ पुढं मधल्याचं मत दोनच वाक्यांचं आहे : “पुस्तक फार आवडले. शाळेत वाचू नये.”

आम्ही तिघांनी हा लेख लिहिताना सगळ्यात जास्त वेळ या दोन वाक्यांवर घालवला. बारा वर्षांचा मुलगा एखाद्या पुस्तकावर जीव टाकतो आणि ते चारचौघांत वाचायला भितो. त्याला आवडलेला नायक त्याच्या हातातून कोणी काढून घेईल असं त्याला वाटतं. पुढं एका शिक्षकांनी त्याला जवळ बसवून नावं सांगितली : आरमारातला दौलतखान, पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, सिद्दी हिलाल, मुन्शी काझी हैदर. त्यांचे उपकार आम्ही विसरलो नाही. ती नावं आम्ही चोपडीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आणि पाठ केली. कोणी काही बोललं की धडाधड म्हणून दाखवायची. पण त्याच पानावर खाली आपानं वर्षभरानं पेन्सिलीनं लिहिलं आहे : “आपण ही नावे सारखी का मोजतो? बाकीची मुले मोजत नाहीत.”

याचं उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हतं. आता एवढं म्हणू शकतो की पुस्तक आवडायला दाखला लागू नये. आम्हाला तो लागत होता, आणि आम्ही तो खिशात घेऊन हिंडत होतो.

इथवर जे लिहिलं त्यात दोष दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगता आला. आता आमच्या घरातलं.

आपा पंधरा-सोळाची झाली तशी तिची मतं लांब होत गेली. एका रकान्यात मावेनात म्हणून ती पुढच्या पानावर जायची. वि. स. खांडेकरांची ‘अमृतवेल’ तिनं दोनदा आणवली. १९८६च्या पावसाळ्यात तिनं ‘ययाति’ आणली. १९५९ सालची ही कादंबरी, १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिच्या लेखकाला मिळालेला, हे सगळं वाचनालयाच्या गुरुजींनी तिला सांगून दिलेलं. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, एकेक जण आपापली बाजू सांगतो अशी ती रचना आपाला नवी होती. राजकन्या असून दासी झालेल्या शर्मिष्ठेत तिचा जीव अडकला. ती आम्हाला रोज सांगायची आणि आम्हाला कंटाळा यायचा.

त्या दिवसांत नात्यातल्या एक बुजुर्ग बाई घरी मुक्कामाला होत्या. उशीखालचं पुस्तक त्यांना दिसलं. मुखपृष्ठ पाहून त्यांनी अम्मीला विचारलं, “जवान लडकी के हात में नाविल?” एवढंच. आरडाओरडा झाला नाही. कोणी पुस्तक फाडलं नाही, कोणी आपावर हात टाकला नाही. आमचे अब्बा तसे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुस्तक कागदात गुंडाळलं, सायकलला लावलं आणि वाचनालयात नेऊन दिलं. मुदतीला अजून तीन दिवस होते. वर्गणीही बंद केली. दहा रुपये अनामत परत आली, ती घरखर्चात गेली.

आपाच्या नावाची चोपडीतली शेवटची नोंद अशी : “ययाति. वि. स. खांडेकर. अर्धे वाचले.” मत हा रकाना मोकळा आहे.

१९८७ साली तिचं लग्न झालं. अठरा पुरी व्हायला सात महिने होते. सासर लातूरकडचं, माणसं चांगली, मेहुणे एस.टी.त होते. रुखवताच्या पेटीत तळाशी तिनं ती चोपडी ठेवली. आम्ही ती मागितली होती, तिनं दिली नाही.

आणि इथंच ते ‘आम्ही’ तुटतं. कारण आम्हा दोघा भावांची वर्गणी बंद झाली नाही. म्हणजे गावातली झाली, पण १९८९ मध्ये मधला सोलापूरला कॉलेजला गेला, तिथं मोठं ग्रंथालय होतं, आणि त्याला कोणी विचारलं नाही की जवान लडके के हात में नाविल कशाला. त्यानं ‘ययाति’ वाचली, पूर्ण. नंतर धाकट्यानं वाचली. १९९० साली सोलापूरलाच पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपल्या नावांची, आपल्या गल्लीची माणसं मराठीत लिहितात, बोलतात, हे आम्ही तिथं डोळ्यांनी पाहिलं. त्या सुमारास हमीद दलवाईंची ‘इंधन’ हाती आली. पहिल्यांदा मराठी कादंबरीत आपलं गाव भेटलं आणि आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरली, की हे सगळं असं उघड लिहायचं असतं? बाहेरच्यांनी आम्हाला पुस्तकात घेतलं नाही ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षं केली. आपल्यातल्यानं घेतलं तेव्हा दार लावून घ्यावंसं वाटलं. हेही मत म्हणून कुठं तरी लिहायला हवं होतं, पण चोपडी लातूरला होती.

दर ईदला आपा यायची, नाही तर आम्ही जायचो. पोरं, दुखणी, जमिनीचे वाद, सगळं बोलून व्हायचं. मधल्याला कादंबरीचा शेवट माहीत होता. आपाला माहीत नव्हता. सदतीस वर्षांत तो तिला सांगावा असं आम्हा दोघांनाही एकदाही सुचलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून आम्ही सांगितलं नाही, असं आम्ही म्हणत होतो. आपाचं म्हणणं, “मी काय म्हणून विचारू? तुमच्या लक्षातच नव्हतं की मी वाचत होते.” या वाक्यावर हा लेख दोन दिवस अडला होता.

आता आपाची नात सातवीत आहे, मुलीची मुलगी. सेमी-इंग्रजीत शिकते, हातात येईल ते वाचते. २०२४च्या मे महिन्यात तिला पेटीत ती चोपडी सापडली. आधी ती पोट धरून हसली. मग तिनं विचारलं, “नानी, मी पण लिहू?” आणि मोकळ्या पानांवर तिनं सुरुवात केली. तिची काही मतं इथं देतो.

हॅरी पॉटरचा पहिला भाग, मराठीतला : “हॅरीला जिन्याखाली झोपायला देतात. आमच्या घराला जिनाच नाही, म्हणून आम्ही सगळे खालीच झोपतो. पुस्तक मस्त. जादू खोटी असते हे मला माहीत आहे, मौलाना साहेबांनी काळजी करू नये.” पुढच्या एका भागाखाली : “हॉगवर्ट्समध्ये पाटील आडनावाच्या दोन जुळ्या बहिणी आहेत, पार्वती आणि पद्मा. पाटील चालतात तर मुलाणी पण चालेल. पत्र आले तर मी जाईन.”

आम्ही तिघं यावर खूप हसलो. मग मधला म्हणाला, बघा, हिनं तक्रार केली नाही, अर्ज केला.

तिनं मलाला युसुफझाईचं आत्मचरित्र वाचलं, २०१३ सालचं. शाळेत जाणाऱ्या मुलीवर २०१२ मध्ये गोळी झाडली गेली, सतराव्या वर्षी तिला नोबेल मिळालं, हे तिला आधीच माहीत होतं. आम्हाला वाटलं, धाडसाबद्दल काही लिहील. तिनं लिहिलं : “मलाला आवडली. पण मला तिचे अब्बा जास्त आवडले. ते शाळा चालवायचे आणि तिला गप्प बस म्हणाले नाहीत. सगळ्यांचे अब्बा असे असते तर मलाला प्रसिद्ध झाली नसती, कारण सगळ्याच तशा झाल्या असत्या.”

हे मत आपानं आम्हाला फोनवर वाचून दाखवलं. सतरावं वर्ष. तिघांपैकी कोणीही काही बोललं नाही. अब्बांना जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांनी दहा रुपये भरले होते हेही खरं, आणि ते परत आणले हेही खरं. आम्ही अब्बांचा हिशेब इथं मांडत नाही. त्यांना ज्या बाईंचा धाक वाटला त्या बाईंनाही कोणी वाचू दिलं नव्हतं.

नंतर एकदा त्या पोरीनं मधल्याला फोन केला. “नाना, शर्मिष्ठेचं पुढं काय झालं?” त्यानं सांगायला सुरुवात केली. तिनं मध्येच तोडलं. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग नानीला का नाही सांगितलं?”

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. आम्ही एवढंच केलं की सोलापुरात ‘ययाति’ विकत घेतली आणि पुढच्या ईदला दोघं भाऊ ती घेऊन लातूरला गेलो. पुस्तक हातात घेऊन आपानं पहिल्यांदा किंमत बघितली आणि “इत्ते पैसे?” म्हणाली. चष्मा बदलून घ्यावा लागला, मग वाचायला लागली. पहिल्यापासून नाही. जिथं सोडलं होतं ते पान तिला सापडलं नाही, पण गोष्ट कुठवर आली होती ते तिला बरोबर आठवत होतं. रोज जोहरनंतर थोडं थोडं वाचायची. पुरं व्हायला महिना लागला.

मग तिनं चोपडी काढली. १९८६च्या त्या नोंदीसमोरचा मोकळा रकाना भरला. अक्षर बदललं आहे, थोडं मोठं झालं आहे. तिच्या परवानगीनं इथं देतो :

“राहिलेले अर्धे आता वाचले. चांगले आहे. पण इतकी वर्षे शर्मिष्ठेचे पुढे काय झाले असेल हे मी रोज कामे करताना मनात ठरवत होते. मी तिला वेगळीकडे नेले होते. माझे पण वाईट नव्हते.”

तिनं शर्मिष्ठेला कुठं नेलं होतं ते अजून सांगितलेलं नाही. नात म्हणते, लिही. आपा म्हणते, बघू. चोपडीत अजून एकवीस पानं मोकळी आहेत.